हातमोज्याला पडलेलं भोक

सहा महिने माझा गोल्फचा चेंडू निघायचा सरळ आणि मग हटकून उजवीकडे वळायचा. पक्का स्लाइस. खांदे, पाय, चेंडूची जागा, सगळं बदलून झालं. क्लब, म्हणजे गोल्फची काठी, धरणाऱ्या हातांकडे बघायचं काही सुचलं नाही.

शिकवणाऱ्या बाईंनी माझा स्विंग बघायच्या आधी हातमोजा मागितला. डाव्या तळव्याला मनगटालगत, करंगळीच्या बाजूच्या गादीवर भोक पडलं होतं. त्याआधीचा मोजाही तिथंच फाटला होता. मी आपला कातड्याला दोष देत होतो. "क्लब तळव्यात फिरतोय तुमच्या. बोटांत धरा," बाई म्हणाल्या.

मी उजव्या हाताने खेळणारा, म्हणजे डावा हात वर. आता आधी क्लब जमिनीवर टेकवून त्याचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, नेमकं निशाण्याकडे करायचं, हात नंतर. (मी हवेतच मूठ आवळून मग क्लब टेकवत असे.) ग्रिप, म्हणजे क्लबचा धरायचा भाग, करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरकी जाते आणि तळव्याची गादी तिच्यावर बसते. वरून बघितलं तर मुठीची दोन-तीन हाडं दिसायला हवीत. मला जेमतेम एक दिसत होतं. क्लबचं तोंड उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं, राहत होतं ते त्यामुळे.

उजव्या हाताचं सोपं निघालं. तळव्यातली खोलगट जागा डाव्या अंगठ्यावर झाकणासारखी बसते. करंगळीनं मात्र छळलं. जुना गोल्फपटू हॅरी व्हार्डनच्या नावाने ओळखली जाणारी पकड आधी शिकलो: उजवी करंगळी डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या खाचेवर ठेवायची. या पकडीने त्याने १८९६ ते १९१४ दरम्यान सहा वेळा ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली. माझी आखूड करंगळी तिथून घसरायची. शेवटी ती डाव्या तर्जनीत गुंतवली. जॅक निक्लॉस आणि टायगर वूड्स हे दिग्गज गोल्फपटूही अशीच गुंतवतात, तेवढंच समाधान! दोन आठवडे बोटांची बेचकी सोलवटली होती.

मग अतिउत्साहात दोन्ही हात जास्तच उजवीकडे फिरवले. चार हाडं दिसायला लागली आणि चेंडू डावीकडे पळायला लागला. परत थोडं मागे आलो.

मोजा आता तीन महिने शाबूत आहे. घट्ट आवळायची खोड तेवढी गेलेली नाही. समोर पाणी दिसलं की नखं पांढरी पडतात. तेव्हा हात सोडतो, क्लब टेकवतो आणि पुन्हा पहिल्यापासून धरतो.