सरांचा पट

स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं तेव्हा ऑफिसात मार्चएंडची धांदल होती. तरी त्याच रात्री लिहायला बसले. सर म्हणजे कोण, हे इथे सांगायला नको. शाळेत सर पुष्कळ होते, पण नुसतं ‘सर’ म्हटलं की बोट जिमखान्याकडेच जायचं.

सर मूळचे तालमीतले, ज्युदो त्यांनी नंतर शिबिरांतून शिकून घेतलेला. मी ४८ किलोच्या गटातली, उंचीही बेताची. मला त्यांनी पहिल्यापासून दुहेरी पटावर घातलं. समोरचीने कॉलर धरायच्या आत खाली घुसायचं, दोन्ही गुडघ्यांमागे हात, खांदा पोटात, की ती पाठीवर. याला मोरोते-गारी म्हणतात, हे मला पंचांकडून कळलं. सर कडेने “पट काढ गं!” एवढंच ओरडायचे.

एका स्पर्धेच्या आदल्या रात्री माझ्या मांजरपाटाच्या गीची, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाची, कॉलर उसवली. विकतचा गी घ्यायची ऐपत नव्हती. मुक्काम कुठल्याशा शाळेच्या वर्गात. बाकी संघांच्या मुली वजन उतरवायला स्वेटर घालून मैदानात पळत होत्या. सरांनी मला ते कधीच करू दिलं नाही. जेमतेम ४६ भरायचे, तशीच खेळायचे. त्या रात्री सर बाकावर बसून दाभणाने कॉलर शिवत होते. आत कापडाची आणखी एक घडी, वर गोधडीला घालतात तसे जवळजवळ टाके. “जाड असली की पकड बसत नाही,” म्हणाले. सकाळी पंचांनी बाही मापली, कॉलर चिमटीत धरली, एकदा सरांकडे बघितलं आणि सोडून दिली. दिवसभर माझी कॉलर कुणाच्या हाताला लागली नाही!

२००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये आमच्याच गटातल्या जपानच्या र्‍योको तामुराने अंतिम लढत ३६ सेकंदांत जिंकली, त्याचं कात्रण सरांनी जिमखान्याच्या दारावर चिकटवलं. आधी बार्सिलोना आणि अटलांटात तिला रौप्यच मिळालं होतं. सरांनी लाल रेघ मारली होती ती या दोन रौप्यांखाली.

पुढे विद्यापीठ, रेल्वेची नोकरी, राष्ट्रीय पदकं. भारतीय संघाच्या निवडीत मणिपूरच्या मुलींपुढे मात्र डाळ शिजली नाही. मग २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने थेट पायाला हात घालण्यावर बंदी आणली. २०१३ पासून तर उभ्या लढतीत पायाला हातच लावायचा नाही. ज्युदो कुस्तीसारखा दिसतो म्हणे! मला आजही हे पटत नाही. माझ्यापेक्षा सर जास्त चिडले. तोवर निवृत्त झाले होते, तरी दर सुट्टीत अंगणात सतरंज्या अंथरून माझ्याकडून सेओई-नागे, म्हणजे आपली धोबीपछाड, घोटून घेतली. शेवटची पदकं तिच्यावरच आली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आमच्याच गटात सुशीलादेवीने रौप्य मिळवलं, तेव्हा पहिला फोन सरांचा.

आता संध्याकाळी रेल्वे कॉलनीतल्या मुलींना शिकवते. मागच्या वर्षी शाळेत आले तर जिमखान्याच्या जागी संगणक कक्ष. संगणक हवेतच, पण व्हरांड्याच्या टोकाची बंद खोली तरी मुलींना द्या. मॅटचा खर्च माझ्याकडे. समारंभाला सर येणारच आहेत, तेव्हाच तारीख ठरवून टाकू.