आधी माणूस ठरवा

कार्यानुभवाच्या तासाला आमच्या बाई फळ्यावर काही लिहीत नसत. टेबलावर पुठ्ठे, कागद, दाभणं, दोऱ्याची रिळं आणि खळीचं भांडं मांडून ठेवत, आणि साहित्य घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "हे कोणासाठी करणार आहेस?" नाव सांगता आलं नाही तर जागेवर जाऊन विचार करायचा. "आधी माणूस ठरवा, मग कागद उचला," असा त्यांचा नियमच होता. बाकीचे विषय गुणपत्रिकेत वर असत, हा खाली श्रेणीच्या रकान्यात. पण शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहायचं ठरलं, तेव्हा मला या तासाशिवाय दुसरं काही सुचलंच नाही. आजही माझ्या हातांना रोज जे लागतं, ते या वर्गातून आलेलं आहे.

वार्षिक परीक्षा झाली की वह्यांमधली कोरी पानं काढून वर्गात जमा करायची आणि त्यांच्या नव्या वह्या शिवायच्या, हा आमचा मोठा उद्योग. पण सुई हातात यायच्या आधी बाईंनी कागद ओळखायला शिकवलं. कारखान्यात कागद तयार होताना पाण्यातले तंतू सरकत्या जाळीच्या दिशेने पडतात, त्यामुळे प्रत्येक कागदाला आपली एक दिशा असते. ती शोधायला उपकरण लागत नाही. कागद हलकेच वाकवून बघायचा. एका अंगाने तो सहज वाकतो, दुसऱ्या अंगाने बोटांना किंचित विरोध करतो. सहज वाकतो ती तंतूंची दिशा. त्या दिशेने फाडला तर बऱ्यापैकी सरळ फाटतो, आडवा फाडला तर वाकडातिकडा. ओलसर झाल्यावर हे तंतू लांबीला फारसे वाढत नाहीत, रुंदीला फुगतात. म्हणून पानं कापताना तंतू वहीच्या कण्याला, म्हणजे शिवणीच्या कडेला, समांतर ठेवायचे. नाहीतर खळ लागताच कण्यापाशी लाटा येतात आणि वही कधीच नीट उघडत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे सगळं सांगायची खरं म्हणजे गरज नव्हती, कशीबशी शिवलेली वहीसुद्धा चालली असती. बाईंना ते चालत नव्हतं. "ज्याला देणार आहात तो ती रोज उघडणार आहे," एवढंच म्हणायच्या.

शिवणही साधीच. पानं मधोमध दुमडून एकात एक घालायची, घडीवर दाभणाने तीन भोकं पाडायची. दोरा कण्याच्या लांबीच्या साधारण अडीचपट घ्यायचा आणि मेणाच्या तुकड्यावरून ओढून घ्यायचा, म्हणजे तो गुंतत नाही आणि गाठ धरून ठेवतो. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढायची, वरच्या भोकातून आत आणायची, मग मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. आता दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवायची आणि त्या टाक्याला कवेत घेऊन गाठ मारायची. गाठ मारण्याआधी दोरा कण्याच्या रेषेतच ओढायचा, आपल्याकडे ओढला तर भोकं फाटतात. हे टाके मी अजूनही न बघता घालू शकते. गाठ आवळली जाते त्या क्षणी, आतापर्यंत हातातून निसटणारी सुटी पानं एकदम एक वस्तू होतात. तो क्षण मला अजून जुना झालेला नाही.

खळ मैद्याची असे. तिला कसर-वाळवी लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. तो विषारी, म्हणून ते काम बाई स्वतः करत, आम्हाला भांड्याजवळ येऊ देत नसत. पुठ्ठ्याला एका बाजूने कागद चिकटवला की सुकताना तो पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो आणि पुठ्ठा वाकतो. म्हणून आतून अस्तराचा कागद लावायचा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. मग वजनाखाली रात्रभर दाबून ठेवायचं. उतावीळपणे आधीच उघडून बघणाऱ्याला आख्ख्या वर्गाची बोलणी बसत.

मी माझं पहिलं नाव सांगितलं ते शाळेच्या शिपाईमामांचं. मामा घंटा देत, वर्गावर्गांत सूचना फिरवत, आणि लक्षात ठेवायच्या गोष्टी कागदाच्या कपट्यांवर लिहून सदऱ्याच्या खिशात कोंबत. कपटे हरवत. मामांना वही द्यायची हे ठरल्यावर मी आठवडाभर त्यांच्याकडे बघत होते. खिसा किती रुंद? माझ्या चार बोटांएवढा. मामा लिहितात कसे? उभ्याउभ्या, डाव्या तळहातावर कागद धरून. म्हणजे मागचा पुठ्ठा जाड हवा, पुढचा पातळ. पान उलटायला दुसरा हात मोकळा नसतो, म्हणजे कणा वरच्या बाजूला हवा, पानं वर उलटतील अशी. खिशातून काढताना कोपरे मुडपतात, म्हणून कोपऱ्यांवर कापडाचे तुकडे. या वहीतली एकही गोष्ट मी शोभेसाठी केली नाही. सगळी उत्तरं मामांकडे बघूनच मिळाली.

दिली तेव्हा मामांनी ती आधी खिशात घालून बघितली. बसली. मग बाहेर काढून म्हणाले, "पोरी, खिशाचं माप कधी घेतलंस गं?"

हाताने केलेली वस्तू देण्यातला आनंद म्हणतात तो मला तेव्हा पहिल्यांदा कळला. वही छान झाली होती, त्याचं समाधान होतंच. पण कोणीतरी आपल्याकडे इतकं नीट बघत होतं, हे मामांच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात आल्याचं मला दिसलं. पुढे ती वही मळली, कडा काळ्या पडल्या, खिशाच्या घामाने वरचा कागद उडाला. मला ती दरवेळी आधीपेक्षा जास्त आवडली.

हाताने उपयोगाची वस्तू करण्याचा हा आग्रह एकट्या बाईंचा नव्हता, हे पुढे वाचनातून समजलं. जर्मनीत फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८४० साली आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. त्याच्या पद्धतीत कागदाच्या घड्या, विणकाम, टोचकाम ही लहान मुलांची रोजची कामं होती. फिनलंडने १८६६ साली उनो सिग्नेउसच्या पुढाकाराने हस्तकला शाळेत सक्तीची केली. त्याच्याकडून प्रेरणा घेऊन स्वीडनमध्ये नेस इथे ऑटो सालोमन शिक्षकांना लाकूडकाम शिकवू लागला. त्याचे नियम वाचताना मला आमचाच वर्ग दिसत होता. वस्तू उपयोगाची असावी, शोभेची नसावी. मुलाने ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करावी. सोप्यापासून अवघडाकडे जावं. झाल्यावर ती घरात वापरली जावी. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवणारी नई तालीम मांडली, आणि १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने शालेय शिक्षणात कार्यानुभवाची शिफारस केली. आमच्या वेळापत्रकातला तो तास एवढ्या लांबून चालत आला होता. मात्र सालोमनची वस्तू घरात यायची, आणि आमच्या बाईंनी ती दुसऱ्याच्या हातात द्यायला लावली. मला ही त्यांची स्वतःची भर वाटते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची.

आजीसाठी केलेल्या वहीबद्दल लिहिलंच पाहिजे. तिची नजर अधू झाली होती आणि दूरध्वनी क्रमांकांची जुनी डायरी तिला वाचता येत नव्हती. कोणाला तरी हाक मारून नंबर लावून घ्यावा लागे, आणि तेच तिला नको असायचं. मी एका पानावर एकच क्रमांक ठेवला, जाड काळ्या शाईत, हाताच्या पंजाएवढा. पण पान तरी कसं सापडणार? तेव्हा पानांच्या उजव्या कडेला पायऱ्या कापल्या. पहिलं पान सर्वांत अरुंद, पुढचं त्याहून थोडं रुंद, असं शेवटपर्यंत. प्रत्येक पायरीवर जाड दोऱ्याच्या गाठी चिकटवल्या. एक गाठ म्हणजे मोठी आत्या, दोन गाठी म्हणजे काका, तीन म्हणजे तिची मैत्रीण, जिच्याशी ती दुपारी बोलायची. गाठी किती जाड असाव्यात हे ठरवायला मी डोळे मिटून स्वतःच्या बोटांनी चाचपून बघत होते. शिवाय तिची बोटं माझ्यापेक्षा जाड आणि खरखरीत, म्हणून गाठी आणखी ठळक केल्या. पानं जड होती, तरी वही उघडल्यावर सपाट पडायला हवी होती, कारण एक हात फोनवर असणार. म्हणून कण्याला कापड लावलं.

आजीने पहिल्या दिवशी कौतुक वगैरे काही केलं नाही. वही मांडीवर घेतली, कडेवरून अंगठा फिरवला, तिसऱ्या पायरीवर थांबली आणि फोन ओढून घेतला. मैत्रिणीला सांगत होती, "अगं, मीच लावला. नाही, कोणी नाही, मीच." हे वाक्य तिने त्या फोनवर किती वेळा म्हटलं!

मायकेल नॉर्टन, डॅनियल मोशॉन आणि डॅन एरिएली यांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास माझ्या वाचनात आला. आयकिया या, घरी स्वतः जोडायचं फर्निचर विकणाऱ्या कंपनीवरून तो ‘आयकिया इफेक्ट’ या नावाने ओळखला जातो. त्यात साध्या माणसांना कागदाचे बेडूक आणि क्रौंच पक्षी करायला लावले. त्यांना आपल्या नवख्या हातच्या घड्या जवळजवळ तज्ज्ञांच्या घड्यांइतक्याच मोलाच्या वाटल्या, बाकीच्यांना मात्र तशा वाटल्या नाहीत. काम अर्धवट राहिलं किंवा केलेलं मोडून टाकलं, तर हे आपलेपण दिसेनासं होतं, असंही त्या अभ्यासात आढळलं. बाई अर्धवट वही कोणालाही घरी नेऊ देत नसत, त्याचं कारण मला इथे सापडलं.

पण मला खरा प्रश्न त्याच्या पुढचा वाटतो. आपण केलेलं आपल्याला इतकं प्रिय असेल, तर ते देऊन टाकताना दुःख व्हायला हवं. होतो आनंद. याचं उत्तर मला बाईंच्या नियमातच दिसतं. माणूस आधी ठरलेला असला की वस्तू पहिल्या मापापासूनच आपली नसते. मामांची वही माझ्या कोणत्याच कामाची नव्हती, आजीची तर माझ्या बोटांसाठी नव्हतीच. करताना तो माणूस सतत सोबत असतो. त्याची सवय, त्याचा हात, तो कुठे अडतो, हे सगळं मनात घोळत राहतं. दिवसभर ज्यांच्याशी बोलतो त्यांचाही आपण एरवी इतका विचार करत नाही. वस्तू दिल्यावर आपल्याकडे उरतं ते हे बघणं.

म्हणून आपण ज्या पद्धतीने हातची वस्तू देतो ती मला पटत नाही. "काही विशेष नाही, असंच केलंय," असं म्हणत, जवळजवळ माफी मागत आपण ती पुढे करतो. नीट हातात द्यावी. कशी वापरायची ते दाखवावं, सैल झाली तर दोरा कुठून ओढायचा ते सांगावं, आणि मग तिचा पिच्छा सोडावा. वापरतोस का, कुठे ठेवलीस, अशी चौकशी करू नये. समोरच्याने ती पुढे आणखी कोणाला दिली तर तेही त्याचंच. बाजारात सगळं साहित्य मोजून भरलेले तयार संच मिळतात. हाताला वळण लावायला ते चांगलेच आहेत, मी स्वतः विणकामाचे पहिले टाके तशाच एका संचावर शिकले. पण त्यात माप, रंग, आकार आधीच कोणीतरी ठरवलेला असतो आणि माणसाकडे बघायचं कारणच उरत नाही. मैत्रिणीच्या बाळासाठी टोपी विणली तेव्हा त्या संचातलं माप बाजूला ठेवलं. कडेचे टाके मुद्दाम सैल घातले, म्हणजे कपाळावर वळ उठणार नाही, आणि लोकरीची सगळी टोकं बाहेरच्या बाजूला गुंफली. आतून काहीही टोचू नये, एवढंच डोक्यात होतं.

नोकरीत माझं सगळं काम पडद्यावर चालतं. एका फाइलची दुसरी होते, संध्याकाळी टेबल सकाळसारखंच रिकामं असतं. अशा दिवसानंतर घरी येऊन दाभण हातात घेतलं की थकवा कुठल्या कुठे जातो. माझ्या कपाटात कोऱ्या पानांचा गठ्ठा कायम असतो. कोणाची बदली ठरली, कोणाचं मूल पहिल्यांदा शाळेत निघालं, कोणी दुखण्यातून उठलं की त्या गठ्ठ्यातून पानं निघतात.

आता शाळेकडे एक मागणं. यंदा वार्षिक परीक्षा झाल्यावर वह्या रद्दीत जाण्याआधी ग्रंथालयाच्या दाराशी एक मोठं खोकं ठेवावं आणि मुलांना कोरी पानं त्यात टाकायला सांगावी. सुट्टी लागण्याआधीच्या शनिवारी मी येते. माझ्या वर्गातल्या आणखी दोघी यायला तयार आहेत, त्यांचे हात माझ्यापेक्षा सफाईदार आहेत. दाभणं, बोथट टोकाच्या सुया, मेण, दोरा आणि खळ आम्ही आणू. शाळेने आम्हाला उजेडाकडचं एक लांब टेबल द्यावं, आणि वह्या रात्रभर दाबून ठेवायला ग्रंथालयातले जाडजूड शब्दकोश.