स्प्रिंगरचा चौकोन

१८ जानेवारी २०२६, रविवार. बॉथेल, सिअ‍ॅटलजवळ.

हळदीकुंकवाचं वाण काढायला मघाशी कपाटाचा वरचा कप्पा उघडला आणि वाट्यांच्या खोक्यामागून माझी बेसबॉलचे सामने टिपायची वही निघाली. निळ्या पुठ्ठ्याची, कडेला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. ऑक्टोबरमध्ये मीच ती तिथे सरकवून ठेवली होती, येताजाता नजरेला पडू नये म्हणून.

शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. २० ऑक्टोबर २०२५, टोरांटो, तिथल्या टीमविरुद्धच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना. नऊपैकी सातव्या इनिंगपर्यंत सगळं नीट लिहिलेलं आहे. बार्गरला वॉक, म्हणजे फुकटचा पहिला बेस. कायनर-फलेफाचा सिंगल, एका बेसचा फटका. हिमेनेझने बंट करून, चेंडू हलकेच ढकलून, दोघांना पुढे सरकवलं, त्याचा एक आउट. त्याच्या खालचा चौकोन कोरा. तो टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरचा. तिथून पुढे सगळंच पान कोरं.

ऐन दिवाळीतला सोमवार होता तो. पणत्या लावून आले, देवापुढे हात जोडले आणि रेडिओ लावून वही घेऊन बसले. आम्ही ३-१ ने पुढे होतो. ज्युलिओचा होम रन, कॅल रॅलीचा होम रन. आणखी आठ आउट काढले असते तर सिअ‍ॅटल मरीनर्स पहिल्यांदा वर्ल्ड सीरीजला, म्हणजे अंतिम मालिकेला, गेले असते. १९७७ पासून खेळणारी ही टीम. तीस टीममध्ये एकटी अशी की जिने वर्ल्ड सीरीजचं मैदान एकदाही पाहिलेलं नाही. आठ आउट. मग चेंडू टाकणाऱ्या ब्रायन वूला काढून बझार्डोला आणलं, आणि स्प्रिंगरने तो चेंडू डावीकडे प्रेक्षकांत टाकला. तीन रन. ४-३. नंतर आमच्याकडून रन झालाच नाही.

मी पेन्सिल खाली ठेवली ती आजपर्यंत.

बझार्डोला का आणलं, मुन्योझला का नाही, यावर या शहरात तीन महिने वाद चालू आहे. मुन्योझ आमचा शेवटच्या आउटांचा हुकमी पिचर. मला विचाराल तर मीही मुन्योझलाच आणलं असतं. सामना सातव्यातच हातातून जायची वेळ आली असेल तर नवव्यासाठी राखून ठेवून काय उपयोग? पण बझार्डोवर राग धरणं मला जमत नाही. त्या माणसाने महिनाभर पडेल ते काम केलं. डेट्रॉइटविरुद्धच्या त्या पंधरा इनिंगच्या रात्रीही तो होताच.

ती रात्र आठवली की अजून अंगावर काटा येतो. १० ऑक्टोबर, शुक्रवार. लेकीला घेऊन मी स्टेडियमवर होते, वरच्या मजल्यावर, अगदी टोकाच्या रांगेत. २-२ वर अडकलेला सामना जवळजवळ पाच तास चालला. बाराव्या इनिंगनंतर लोक ओरडायचे थांबले, नुसते उभे राहिले. शेजारच्या आजोबांनी आपलं ब्लँकेट न विचारता लेकीच्या खांद्यावर टाकलं. पंधराव्यात तिन्ही बेस भरलेले, पोलांकोने उजवीकडे सिंगल मारला आणि क्रॉफर्ड धावत होम बेसवर आला, जिंकलो. मग मात्र मी कधी रडले नव्हते इतकी रडले. लोकलने लिनवुडला उतरेपर्यंत अख्खा डबा गात होता. मग १७ तारखेला, वसुबारसेच्या दिवशी, टोरांटोविरुद्ध सुआरेझने बेस भरलेले असताना होम रन मारला, आणि आता एकच सामना जिंकायचा राहिला असं वाटलं. तो एक राहिला तो राहिलाच.

इथल्या जुन्या लोकांची एक सवय आहे. जानेवारीत त्यांना विचारा, यंदा काय? खांदे उडवतात. "बघू." "मे महिन्यात विचार." ऑफिसातल्या एकाने तर परवा सरळ सांगितलं, फार आशा लावू नकोस. त्याचं मी समजू शकते. २००१ साली ११६ सामने जिंकणारी टीम त्याने पाहिली, तीही न्यूयॉर्क यांकीजपुढे अडली. त्यानंतर एकवीस वर्षं ऑक्टोबरमधला, बाद फेरीचा बेसबॉल या गावात झाला नाही. २०२२ ला दार उघडलं, तर ह्यूस्टनविरुद्ध अठरा इनिंग खेळून १-० ने हरलो. पुढे २०२३ ला एका सामन्याने हुकलं, २०२४ लाही एकाच सामन्याने. इतकं सोसलेला माणूस जपून बोलणारच.

पण मला तसं जपून राहायचं नाही. वही हातात आली तेव्हाच ते ठरलं. यंदा मी पूर्ण आशा लावणार आहे, आणि ती मोठ्याने बोलूनही दाखवणार आहे. लावलेली आशा मोडली तर दुखतं, हे मला माहीत आहे. दिवाळीत दुखलं. पण न लावलेल्या आशेने मला ती पंधरा इनिंगची रात्र मिळाली नसती.

तर मग लिहूनच ठेवते.

पहिली गोष्ट बुलपेनची, म्हणजे मागाहून येणाऱ्या पिचरांची, कारण घाव तिथेच बसला. डिसेंबरमध्ये हॅरी फोर्डला वॉशिंग्टनला देऊन होजे फेरेरला आणलं. डावखुरा, वेगवान. फोर्ड गेल्याचं मला वाईट वाटलं. २०२१ ला पहिल्या फेरीत निवडलेला पोरगा, हातावर वाढवल्यासारखा. पण तोही कॅचर, आणि समोर कॅल रॅली असताना त्याने किती वर्षं बाकावर बसायचं? त्याला तिथे रोज खेळायला मिळो. आणि सातव्या इनिंगला, पुढे दोन धावणारे असताना, आमच्या मॅनेजरकडे, डॅन विल्सनकडे, हाक मारायला आणखी एक माणूस असो. एवढंच मागते.

दुसरी गोष्ट खांद्या-कोपरांची. गिल्बर्ट, कर्बी, वू, कास्तियो, मिलर. हे पाच पिचर धडधाकट असले तर कुणाशीही दोन हात करता येतात. पण गेल्या वर्षी पाच जण एकत्र असे फार थोडे दिवस दिसले. एक परतला की दुसरा दुखावलेला. वूने तर सबंध हंगाम ओढला आणि नेमका ऑक्टोबर तोंडावर आला तेव्हा त्याच्या छातीचा स्नायू दुखावला. सातव्या सामन्यात तो आला तो त्यातून उठून आला होता. पिचरचा हात फार नाजूक असतो. मी तर रोज दिवा लावताना या पाच जणांचे खांदे आठवणार आहे.

पहिल्या बेसवरचा आमचा नेलर टीममध्ये राहिला, याचा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही. नोव्हेंबरमध्ये पाच वर्षांचा करार झाला तेव्हा मी ऑफिसात टाळी वाजवली. धिप्पाड गडी, धावायला संथ, आणि तरी गेल्या वर्षी त्याने एकूण तीस बेस चोरले, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठला, त्यातले १९ आमच्याकडे आल्यावर. पाय मंद असलेला माणूस हे करतो कसं? तो पिचरकडे बघत असतो. खांदा कधी वळतो, टाच कधी उचलली जाते, हे टिपत असतो. एकदा पहिल्या बेसच्या बाजूला बसून मी सबंध सामना नुसतं त्याच्याकडे बघत काढला. समोरचा पिचर पाय उचलायच्या क्षणभर आधीच हा निघालेला असायचा. पोलांको मात्र न्यूयॉर्कच्या दुसऱ्या टीमकडे, मेट्सकडे गेला. सुआरेझचं अजून ठरलेलं नाही, आणि मी रोज सकाळी चहा टाकायच्या आधी तेच बघते. कोल यंगने दुसरा बेस सांभाळावा, आणि कोल्ट एमर्सन नावाचा जो विशीतला पोरगा खालच्या लीगमध्ये तयार होतोय, त्याला उगाच घाई करू नये.

ज्युलिओकडून एकच हवं. एप्रिलमध्ये बॅट चालू दे. दरवर्षी तो पावसाळ्यासारखा येतो, उशिरा आणि मग धो धो. एप्रिल-मेमधले चार सामने सप्टेंबरमध्ये किती महाग पडतात, ते २०२३ आणि २०२४ ने शिकवलं आहे.

आणि कॅल. साठ होम रन. कॅचरने एका वर्षात मारलेल्या होम रनचा जुना विक्रम ४८ चा होता, सॅल्व्हाडोर पेरेझचा. दोन्ही हातांनी खेळणाऱ्यांत मिकी मँटलचा ५४ चा, तोही १९६१ पासूनचा. सिअ‍ॅटलमध्ये ग्रिफीचा ५६ चा. तिन्ही एका वर्षात मागे पडले. साठावा मारला त्याच रात्री, २४ सप्टेंबरला, डिव्हिजनही, म्हणजे आमचा गटही जिंकला, २००१ नंतर पहिल्यांदा. सांगलीला आई विचारते, "तुमचा विकेटकीपर काय म्हणतोय?" तिला कॅल म्हणजे विकेटकीपरच. ती म्हणते, दिवसभर उकिडवं बसायचं आणि वर साठ सिक्सर मारायचे, गुडघ्यांचं काय होत असेल त्याच्या? हाच प्रश्न मलाही पडतो. म्हणून मला यंदा पुन्हा साठ नकोत. पस्तीस-चाळीस झाले तरी चालतील, पण त्याला मधूनमधून विश्रांती द्या, म्हणजे ऑक्टोबरमध्ये त्याचे पाय ताजे असतील.

यंदा नियमही बदलतोय. टाकलेला चेंडू बॉल की स्ट्राइक, या अंपायरच्या निर्णयावर आता दाद मागता येणार. प्रत्येक टीमला दोन संधी, बरोबर ठरलात तर संधी शाबूत. बॅटर, पिचर किंवा कॅचरने लगेच डोक्याला हात लावायचा, बाकावरून कुणी सांगायचं नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपला डीआरएस." अगदी तसंच. आणि क्रिकेटमध्ये जसा कीपरचा अंदाज धरून रिव्ह्यू घेतात, तसं इथे कॅलच्या डोळ्यावर पुष्कळ काही ठरणार. मला त्या डोळ्याचा भरवसा आहे.

ही वही लिहायची सवयही आईमुळेच. ती गहू निवडताना रेडिओवर बाळ ज. पंडितांचं समालोचन ऐकायची आणि ताटाच्या कडेला दाणे बाजूला ठेवून विकेट मोजायची. मी सिअ‍ॅटलला आले ते २०१२ च्या जूनमध्ये. १५ ऑगस्टला दुपारी सामना होता, ऑफिसातल्या बाईंनी जादा तिकीट पुढे केलं, मी नको म्हटलं. मला बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं, आणि संध्याकाळी आमचा झेंड्याचा कार्यक्रम होता. त्या दुपारी आमच्या पिचरने, फेलिक्स हर्नांडेझने परफेक्ट गेम टाकला. सत्तावीस बॅटर आले, सत्तावीस गेले, एकही पहिल्या बेसपर्यंत पोचला नाही. मरीनर्सच्या इतिहासात तसा सामना तो एकच. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांची वही माझ्यापुढे उघडली. पानभर चौकोन, प्रत्येकात एक आउट, कुठेही रेघ पुढे सरकलेली नाही. त्या बोट ठेवून सांगत गेल्या. पिचर एक, कॅचर दोन, पहिला बेस तीन. ६-४-३ म्हणजे शॉर्टस्टॉपने दुसऱ्या बेसकडे, तिथून पहिल्याकडे, दोन आउट. स्ट्राइक आउटला, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद झाला तर, के, आणि बॅटर नुसता बघत राहिला तर के उलटा. त्या पानावर बारा के होते. जेवणाची सुट्टी संपली तरी आम्ही तिथेच.

तेव्हापासून मी लिहिते. लिहिलं की सामना हाताने धरल्यासारखा वाटतो.

मे महिन्यात आमच्या जुन्या पिचरचा, रँडी जॉन्सनचा ५१ नंबर कायमचा राखून ठेवणार आहेत. इचिरोचा तोच नंबर गेल्या ऑगस्टमध्ये झाला. दोघांचाही ५१. त्या दिवशी लेकीला न्यायचं आहे. बाकी मला साध्या संध्याकाळीही हव्यात, मंगळवारच्या, काहीच पणाला नसलेल्या. भात टाकलेला, खिडकी उघडी, रेडिओवर तिसरी इनिंग. वर्षात १६२ सामने असतात ते त्यासाठीच. यंदाचा हा टीमचा पन्नासावा हंगाम. आणि हो, मला वर्ल्ड सीरीज हवी आहे. यंदाच हवी आहे.

संध्याकाळ झाली. बाहेर पाऊस. समोरच्या घरावर सीहॉक्सचा झेंडा भिजतोय, गल्लीला सध्या फुटबॉलशिवाय काही सुचत नाही. पिचर आणि कॅचर अ‍ॅरिझोनाला पिओरियात सरावाला जमायला अजून जवळजवळ चार आठवडे आहेत.

लेक खाली आली तेव्हा मी पेन्सिलला टोक करत होते. तिने पान पाहिलं आणि काही न बोलता शेजारी बसली. मी स्प्रिंगरच्या चौकोनात चारही रेघा ओढल्या, आतला भाग शिसाने भरला, बाजूला एचआर लिहिलं. मग त्या सामन्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि राहिलेल्या इनिंग ऐकत, थांबवत, लिहीत गेले. लेक नंबर सांगत होती. शेवटचा चौकोन ज्युलिओचा. बॅट फिरवली, चेंडू नाही लागला. के. सरळ के.

पान पुरं झालं. मागे अकरा पानं कोरी उरली आहेत, ती मे महिन्यालाही पुरायची नाहीत. जेवायच्या आधी नव्या वह्या मागवल्या. एक ऑक्टोबरसाठी वेगळी.