त्रिफोनकडे मिळेल

पुस्तक निघाल्यापासून लग्नकार्याला जायची मला धास्तीच वाटते. पंगतीत शेजारी बसलेले काका जिलबीचा शेवटचा तुकडा मठ्ठ्यात बुडवतात आणि हळूच म्हणतात, "पुस्तक काढलंस म्हणे! आम्हाला नाही ती एखादी प्रत?" प्रकाशकाकडून आलेल्या प्रती पहिल्या आठवड्यातच भावंडांत संपल्या. 'दुकानात मिळतं' म्हणायला जीभ रेटत नाही.

रोमन कवी मार्शलची मात्र रेटायची. पहिल्या शतकातल्या या इरसाल माणसाकडे कुणा क्विंटसने पुस्तकं फुकट मागितली, तर याचं उत्तर: माझ्याकडे नाहीत, बिब्लिओपोला त्रिफोनकडे आहेत. बिब्लिओपोला म्हणजे पुस्तकविक्या. शब्द मूळचा ग्रीक, 'मोनोपॉली'तलं विकण्याचं शेपूट यालाही आहे. इंग्रजीत त्याचा 'बिब्लिओपोल' झाला. आता तो पंडिती थाट मिरवायचा असला तरच बाहेर निघतो, ठेवणीतल्या शालूसारखा.

दुसरा एक लुपर्कस. नोकराला पाठवतो, पुस्तक दे, म्हणाला. मार्शल म्हणतो, कशाला त्या पोराला दमवतोस? मी तीन जिने चढून राहतो, तेही उंच. सीझरच्या फोरमसमोर, म्हणजे चौकासमोर, दुकान आहे, दाराच्या खांबांवर कवींची नावं खरडलेली. तिथे दुकानदार आत्रेक्टसला विचारायचीही गरज नाही. पहिल्या नाहीतर दुसऱ्या घरट्यातून (पुस्तकांच्या कप्प्याला ते घरटं म्हणत, किती छान!) प्युमिस दगडाने घासून गुळगुळीत केलेली प्रत ५ देनारियसना (रोमन नाणी) काढून देईल. 'तेवढी तुझी किंमत नाही' म्हणतोस? शहाणा आहेस, लुपर्कस!

आणि 'बिब्लिओपोला' या शब्दाचा सगळ्यात खट्याळ वापरही मार्शलचाच. लुकन या कवीचं पुस्तक मार्शलच्या दोन ओळींत स्वतःच बोलतं: मी कवी नाही असं काही जण म्हणतात, पण मला विकणाऱ्या बिब्लिओपोलाला तसं वाटत नाही. समीक्षकांनी काय ते म्हणावं, गल्ल्यावरच्या माणसाचा निकाल लागलेला आहे! रोमन लेखक धाकटा प्लिनी तर, आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात आपली पुस्तकं विकली जातात हे कळल्यावर पत्रात लिहितो, तिथे बिब्लिओपोला असतील असं वाटलंच नव्हतं. नम्रपणा आहे, पण गालातलं हसू लपत नाही.

परवाच्या मुंजीत मी धीर केला. "काका, अप्पा बळवंत चौकात मिळेल."

काकांनी मठ्ठ्याचा घोट घेतला.

"सूट किती देतात?"