आमची वाटचाल: पंपाच्या पार्टपासून पिझ्झा भट्टीच्या पॅनपर्यंत

आमची फाउंड्री छोटीच, कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीला. आबांनी सुरू केली तेव्हा सगळं जॉबवर्क, पंपाचे नाहीतर ट्रॅक्टरचे पार्ट, भांड्याबिंड्याचा काही संबंध नव्हता. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ऑर्डरी थांबल्या, मग आजीचा जुना बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा घेतला, त्यावरून पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) केला आणि तवे, आप्पेपात्र, कढया असं काढत गेलो. चाललं बऱ्यापैकी.

पुढं पुण्याच्या एका कॅफेवाल्याचा फोन आला, दादा तुमचा पॅन आमच्या लाकडाच्या पिझ्झा भट्टीत चालेल का? मी म्हटलं चालतोय की, बीड वितळायला 1150 डिग्रीच्या आसपास जावं लागतं, तुमची भट्टी 450 ची. दहा पॅन पाठवले आणि खुश झालो.

चौथ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो. पॅन राखाडी पडलेला, मधे तांबूस डाग, खाली मेसेज, कोटिंग गेलं पैसे परत द्या. आता आमच्या पॅनला कोटिंग नसतंच हो, तेलाचा पातळ हात देऊन भाजून बसवलेला काळा थर असतो तो. घरचा ओव्हन 250 पर्यंत जातो, तिथं तो टिकतो. नेपल्स पद्धतीच्या भट्टीत 430 ते 480 असतं, पिझ्झा 60 ते 90 सेकंदात होतो, तिथं तो थर सरळ जळून राख होणार, हे मला आधी सांगायला पाहिजे होतं. घासून, तेल लावून परत भाजला की पॅन पुन्हा काळा. बीड तसंच्या तसं.

तडा मात्र खरा गेला. दोन पॅन हँडलच्या मुळाशी चिरले. मी स्वतः जाऊन बघितलं तर पोरगं भट्टीतला पॅन काढून थेट ओल्या फडक्यावर टेकवत होतं, चर्रर्र आवाज यायचा. मी त्याच्यावर चिडणार होतो, पण आबांनी तुटका तुकडा हातात घेतला, कोपऱ्यावरनं अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आरं, हितं धार ठेवलीयास की तू. पंपाला आसली धार ठेवली आसतीस व्हय?" पातळ तळ आणि जाड हँडल एकत्र येतात तिथं मी काटकोन ठेवला होता दिसायला छान म्हणून, आणि सगळा ताण तिथंच येऊन बसतो. पॅटर्न बदलला, तिथं चांगली गोलाई दिली, हँडल आखूड केलं कारण भट्टीच्या तोंडात अडकायचं, आणि समोर कढईसारखा एक कान दिला, तीन किलोचं तापलेलं बीड एका हातानं कोण उचलणार?

आता ऑर्डर घेताना आधी विचारतो भट्टी कुठली, किती तापते. नॉनस्टिक तर अजिबात नको, ते कोटिंग 260 च्या पुढं बिघडायला लागतं आणि आणखी तापलं की विषारी धूर सोडतं. लाकडी किंवा बेकलाइटची मूठ नको, काच नको, एनामल तडकतं. अल्युमिनियम 660 ला वितळतं पण त्याच्या बरंच आधी मऊ पडून वाकतं. पातळ स्टीलची ताटली पण वेडीवाकडी होते. जाड पत्र्याचा लोखंडी पॅन मात्र चांगला, बिडापेक्षा हलका आणि तडकत नाही, हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, आबांना ते आवडत नाही. आणि साधा मार्गेरिटा असेल तर पॅन घेऊच नका, तो भट्टीच्या फरशीवरच भाजायचा असतो. पॅन लागतो पनीर, मासे, भाज्या नाहीतर जाड पॅन पिझ्झाला.

बॉक्समध्ये वेल्डरचे चामड्याचे हातमोजे पण टाकतो, कापडी मोजा तिथं काही कामाचा नाही. मागच्या महिन्यात एकानं फोन करून नुसते मोजेच मागितले, पॅन म्हणे आहे आमच्याकडे.