सुई, गुळाची गोळी आणि निवडीचा हक्क

लस घ्यायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, असे मत आमच्या चोपडा तालुक्यात अलीकडे बरेच जण हिरिरीने मांडू लागले आहेत. या मताला आधार नाही असे म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी कोरोना लसीच्या सक्तीविरुद्ध बालरोगतज्ज्ञ जेकब पुलियेल यांनी केलेल्या याचिकेवर निकाल देताना संविधानाच्या कलम २१ खाली माणसाचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क मान्य केला आणि कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही असे स्पष्ट केले. सरकारचे लसीकरणाचे धोरण मनमानी नाही, हेही त्याच निकालात आहे, आणि लसीनंतर झालेल्या त्रासांची नोंद लोकांना करता यावी व पाहता यावी, असेही त्यात बजावले आहे; परंतु वाद घालणारे दोन्हीकडचे लोक आपापल्या सोयीचे तेवढेच वाक्य उचलतात.

मला हा हक्क मान्य आहे. मात्र तो पारखून पाहायचा असेल तर कोरोनापेक्षा कुत्रा चावण्याचे उदाहरण घ्यावे, कारण तिथे गावठी औषध, लस आणि निवड या तिन्ही गोष्टी एकाच अंगणात समोरासमोर येतात.

अनेर नदीच्या काठावरच्या एका गावात कुत्रा चावल्यावर औषध देणारे एक बाबा आहेत. रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यासमोर शिरपूर, चोपडा आणि थेट मध्य प्रदेशाच्या हद्दीपलीकडून आलेली माणसे बसलेली असतात. कुटलेली मुळी गुळाच्या गोळीत घालून देतात, आंबट आणि वांगे वर्ज्य करायला सांगतात आणि पैसे घेत नाहीत; नारळ ठेवला तर ठेवला. कापूस वेचायला आमच्याकडे येणाऱ्या एका मावशींना मी कुत्रा चावलेल्या मुलीला दवाखान्यात न्या असे म्हटले, तेव्हा त्या म्हणाल्या, “बाबाना औषधथून आजपावत कोनले काही जायं नही, भाऊ.” हे विधान खोटे नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. चावणारी बहुतेक कुत्री पिसाळलेली नसतात आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या प्रत्येक चाव्यातूनही रेबीज हा रोग होतोच असे नाही. त्यामुळे बाबांनी गूळ दिला काय आणि नुसती साखर दिली काय, शंभरातील बहुतेक माणसे ठणठणीतच राहणार आणि यशाचे माप बाबांच्या पदरात पडणार. ज्या थोड्यांच्या अंगात विषाणू शिरलेला असतो त्यांना लक्षणे बहुधा दोन-तीन महिन्यांनी दिसतात, कधी वर्षानेही. तोवर औषध आणि मरण यांचा संबंध कोणी जोडत नाही. लक्षणे दिसल्यावर मात्र रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून इथे निवडीला मुदत आहे, ती मधुमेहाच्या किंवा गुडघेदुखीच्या निवडीसारखी नाही. सर्दीला मीसुद्धा आल्याचा काढाच घेतो.

मावशी शेवटी मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. पोटरीवरच्या जखमेत चुना आणि मिरचीपूड गच्च भरलेली होती. सिस्टरने काही न बोलता मुलीला नळाखाली उभे केले आणि साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुतली. सुरुवातीला लालसर पाणी वाहत होते, मुलगी रडत होती आणि मावशी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. उपचाराचा पहिला आणि फुकटातला भाग हाच आहे, आणि तो घरीच करायचा असतो.

लसीविषयीच्या भीतीला जुना आणि खरा आधार आहे, हे सांगितले पाहिजे. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ हे माझ्या पिढीने ऐकलेले आहे. ती लस डेव्हिड सेम्पल यांनी कसौली येथे १९११ मध्ये तयार केली. मेंढीच्या मेंदूपासून बनत असल्याने तिच्यामुळे काही जणांना पक्षाघात होत असे, काही दगावतही. असे असूनही ती भारतात २००४ च्या अखेरीपर्यंत बनत राहिली, ही दिरंगाई लाजिरवाणीच म्हणायची. पण ती बंद झाली कशामुळे, तर टोचलेल्यांपैकी कोणाला काय झाले याची नोंद कोणीतरी ठेवत होते म्हणून. आज दंडात किंवा कातडीत दिली जाणारी लस पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून बनते आणि तिच्यात तो धोका नाही. बाबांच्या ओट्यावर वहीच नाही, म्हणून तिथे काही सुधारायचेही राहत नाही.

आता कायद्याकडे पाहू. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. येथे मुळी देण्यावर नव्हे, रोखण्यावर बोट ठेवले आहे, आणि मला ही रेघ योग्य ठिकाणी ओढलेली वाटते. मोठ्या माणसाने स्वतःसाठी काय निवडावे हा त्याचा प्रश्न. मुलीच्या वतीने मावशी किंवा त्यांचे सासरे निवडतात तेव्हा स्वातंत्र्य कोणाचे आणि जोखीम कोणाची, हे विचारावेच लागते. गोवराचेही तसेच आहे. २०२२ मध्ये शेजारच्या मालेगावात गोवर पसरला, तेव्हा सोसले ते लेकरांनी, आणि निवड मोठ्यांची होती.

परंतु निवडीच्या हक्काची भाषा करणारे एक गोष्ट क्वचितच बोलतात. सरकारी दवाखान्यात ही लस पहिल्या दिवशी आणि मग तिथून तीन, सात व अठ्ठावीस दिवसांनी घ्यायची असते. सातपुड्याच्या पाड्यावरून तितक्या खेपा म्हणजे तितके रोज बुडाले. खोल जखमेत भरायचे सिरम, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिद्रव्ये, तर जवळच्या केंद्रात अनेकदा नसते. ‘जळगावला जा’ असे सांगून चिठ्ठी हातात दिली जाते. बाबांचा ओटा मात्र दर रविवारी उघडा असतो. ज्याच्यापुढे एकच दार उघडे आहे त्याने त्या दारातून जाण्याला निवड म्हणणे मला पटत नाही.

गेल्या पावसाळ्यात आरोग्यसेवक आणि गावातले दोन शिक्षक बाबांना भेटले. भांडण केले नाही, मुळीविषयी एक शब्द काढला नाही. येणाऱ्याला आधी दवाखान्यात पाठवा, एवढीच विनंती केली. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि मान्य केले. आता ते दवाखान्याचे कार्ड पाहिल्याशिवाय गोळी देत नाहीत, कार्डावर तारीख राहिली असेल तर माणसाला दरडावून परत पाठवतात, आणि त्यांच्याकडची रविवारची गर्दी जराही कमी झालेली नाही.