पायपुसण्याखालच्या तीन पट्ट्या

घर सोडायचं ठरलं त्या रात्री मी बाल्कनीच्या दारातलं पायपुसणं उचलून पाहिलं. दीड वर्षांत धुण्यापुरतं सोडून ते हललं नव्हतं, आणि धुतलं तरी ओलंसुद्धा परत तिथेच टाकायची मी. खाली लॅमिनेटच्या फरशीच्या तीन पट्ट्या कडांनी फुगून वर आल्या होत्या. आणि वास. ज्यांच्या घरी बोका आहे त्यांना कसला ते सांगायला नको.

गुन्हेगार आमचा ठोंब्या. नसबंदी झालेला, वजनदार आणि स्वभावाने भित्रा. बाल्कनीत एक भटका बोका येऊन बसायला लागला आणि काचेच्या आतून ते बघून याचं डोकं फिरलं. आपली हद्द पक्की करायला त्याने दारापाशी लघवीचे फवारे मारायला सुरुवात केली. नसबंदी झाली की हे प्रकार बंद होतात अशी माझी समजूत होती. बहुतेक बोक्यांचे होतात, सगळ्यांचे नाही. आधी मला लघवीचा संसर्ग वाटला म्हणून तपासून आणलं. ते सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, काचेचा खालचा भाग झाका, त्याला बाहेरचं दिसायला नको. कागद लावला आणि थोड्या दिवसांत प्रकरण थांबलं. पण सांध्यांत मुरायचं ते तोवर मुरलं होतं.

त्यात माझी हुशारी. दर वेळी गरम पाणी, साबण आणि भरपूर फेनाईल. मांजराच्या लघवीतल्या युरिक अ‍ॅसिडचे बारीक स्फटिक पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. त्यामुळे पुसल्यावर दोन दिवस बरं वाटतं आणि हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो. त्यावर एन्झाइमवालं द्रावण लागतं, तेही शिंपडून लगेच पुसायचं नसतं. लघवी जितकी खोल गेली तितकं ते खोल जायला हवं आणि बराच वेळ ओलं राहायला हवं. (ब्लीच मात्र चुकूनही ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू तयार होतो.) शिवाय लॅमिनेट हे खरं लाकूड नव्हेच. वर लाकडाचं चित्र छापलेला कागद, त्यावर पारदर्शक थर आणि आत दाबलेला लाकडाचा भुसा. सांध्यातून पाणी शिरलं की तो भुसा फुगतो आणि वाळल्यावर पुन्हा बसत नाही. खरं लाकूड घासून सारखं करता येतं, इथे घासलं तर चित्रच जातं. म्हणजे मी ओतलेल्या बादलीभर पाण्याचाही या फुगण्यात वाटा होताच. ठोंब्याला सगळा दोष देणं बरोबर नाही.

घरमालक काका डायरी घेऊन आले. करारात एक ओळ होती: पाळीव प्राण्यामुळे झालेलं नुकसान भाडेकरूने भरून द्यावं. काकांनी ती चांगलीच ताणली. बेडरूमच्या दारावर नखांचे ओरखडे, खिडकीची फाटलेली जाळी, हॉलच्या एका भिंतीचे निघालेले पोपडे, न्हाणीघराच्या दाराचा कुजलेला तळ आणि शेवटी "सगळ्या घराचा रंग". लिहिताना ते पायपुसण्यावरच उभे होते.

मी गप्प बसू शकले असते. त्यांना बाजूला व्हायला सांगून ते उचललं, त्यामागे फार थोर विचार नव्हता. यादीतल्या दोन गोष्टींवरून मी त्यांच्याशी भांडणार होते आणि पायाखाली ते झाकून ठेवून भांडायचं धैर्य मला होत नव्हतं.

काका वाकले, वास घेतला आणि म्हणाले, "अगं, हे तेव्हाच सांगितलं असतंस तर एकच पट्टी बदलावी लागली असती." खरं होतं ते. त्या एका वाक्याने माझी निम्मी हवा गेली.

उरलेली निम्मी न्हाणीघराच्या दारासाठी कामी आली. राहायला आलो त्या दिवशी नवऱ्याने घरभर फोटो काढून काकांनाच पाठवले होते. मी तेव्हा त्याला हसले होते. त्यात तो तळ कुजलेला स्पष्ट दिसत होता. काकांनी स्वतःच्याच फोनवर तो शोधला आणि डायरीतली ओळ खोडली.

रंगावर मात्र चांगलीच जुंपली. आम्ही चार वर्षं राहिलो. उन्हाने विटलेला रंग, फर्निचरमागे पडलेल्या सावल्या, स्विचभोवतीचे हाताचे डाग ही वापराची झीज आहे. मांजर नसतं तरी ती झालीच असती. ज्या भिंतीला ठोंब्याने ओरबाडलं ती आमची, बाकी भिंती नाहीत. आणि त्या भिंतीचाही पूर्ण खर्च का? रंग पाच वर्षं टिकतो असं धरलं तर त्यातली चार भाड्यातच वसूल झाली. घसारा धरायला नको का? काका म्हणाले, "हिशोब बरोबर आहे. पण भिंत ओरबाडली नसती तर मी आणखी दोन वर्षं त्याच रंगावर काढली असती." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओरखड्यांत लांबी (पुट्टी) भरायचा खर्च आम्ही दिला, त्या भिंतीच्या रंगाचा निम्मा दिला, बाकी रंग त्यांचा. दाराचे ओरखडे आणि जाळी यांवर मी तोंडच उघडलं नाही. ती आमचीच.

पट्ट्यांचं त्रांगडं वेगळंच निघालं. ते डिझाइन येणं बंद झालं होतं. काका म्हणाले, मेळ बसणार नाही, अख्ख्या खोलीची फरशी बदला. आमचा चेहरा पाहून सुतारालाच दया आली असावी. भिंतीतल्या कपाटाच्या आतही तेच लॅमिनेट होतं. त्याने तिथल्या पट्ट्या काढून दारापाशी बसवल्या आणि कपाटात दुसऱ्या, थोड्या गडद रंगाच्या टाकल्या. दार भिंतीलगत असल्याने त्या बाजूनेच पट्ट्या सोडवता आल्या, खोली उचकटावी लागली नाही. खालचा फोमचा थर भिजून पिवळा झाला होता, तो फेकला. त्याखालच्या काँक्रीटवर वास अडवणारा प्रायमर मारला. नुसत्या पट्ट्या बदलून चाललं नसतं, वास खालूनच येत होता.

हे सगळं डिपॉझिटमधून वळतं झालं आणि थोडं परतही मिळालं. माझी एक मैत्रीण समजत होती की डिपॉझिट सोडून दिलं की विषय संपला. ते फक्त तारण असतं. नुकसान त्याहून जास्त निघालं तर मालक वरचंही मागू शकतो.

नव्या घराच्या करारात मी त्या ओळीपुढे "वापराची झीज वगळून" हे शब्द घालून घेतले. नव्या मालकीणबाईंबरोबर खोल्या फिरून फोटो काढले, आधीचे ओरखडे लिहून काढले आणि दोघींनी खाली सह्या केल्या. त्या म्हणाल्या, "एवढं कशाला?" मी त्यांना पायपुसण्याची गोष्ट सांगितली. त्यांनी लगेच ठोंब्याकडे जरा निरखून पाहिलं. सांगायला नको होती बहुतेक.

पिंजरा उघडल्यावर ठोंब्या तास-दीड तास पलंगाखाली होता. मग बाहेर आला आणि थेट बाल्कनीच्या दारात जाऊन बसला. सामानाची खोकी तशीच ठेवून मी आधी कागद आणि चिकटपट्टी शोधली.